पन्नास हजारांत पहिला व्हिडिओ: कोणाचं काय बघावं

नाशिकच्या चौघांच्या एका बँडचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं पहिलं मराठी गाणं तयार आहे, ३ मिनिटं ४० सेकंदांचं. सातपूर एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून घरी येणाऱ्या वडिलांवर आहे. जवळ ५० हजार रुपये आहेत. स्वतंत्र कलाकारांचे या वर्षीचे तुमचे आवडते म्युझिक व्हिडिओ सांगा, ते बघून आम्ही आमचा करू. कॅमेरा भाड्यानं घ्यावा की फोनवर करावं, तेही सांगा."

मी पुण्यात गेली १४ वर्षं संकलन करते. जाहिराती करते, माहितीपट करते, पण जीव रमतो तो गाण्यांच्या व्हिडिओंत. त्यातही ज्यांच्यामागे कंपनी नाही अशा मुलामुलींच्या. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही यादी मागितलीत, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. गाणं तुमच्या कानात पक्कं बसलंय आणि डोळ्यांपुढे मात्र काहीच येत नाहीये. दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून काहीतरी सुचेल अशी आशा आहे. सुचतं, पण बहुतेकदा त्यांचंच सुचतं. डिसेंबर आला की मीही वर्षभरातल्या आवडत्या व्हिडिओंची वही भरते, आणि जुन्या वह्या चाळल्या की दिसतं, एकाच वर्षाच्या यादीत त्या वर्षाची हवा फार असते. एका वर्षी जो तो ड्रोन उडवत होता, एका वर्षी सगळीकडे जांभळे-गुलाबी दिवे, एका वर्षी जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखं खरखरीत चित्र. तुमचं गाणं त्या हवेत सोडलंत तर दोन वर्षांत शिळं दिसेल. म्हणून एका वर्षातले दहा सांगण्याऐवजी मी वेगवेगळ्या वर्षांतले माझे मोजके लाडके सांगते. प्रत्येक बघताना वहीत एकच गोष्ट लिहा: यांच्याकडे काय नव्हतं, आणि जे नव्हतं त्यावर त्यांनी काय तोड काढली?

'स्वतंत्र' कोणाला म्हणायचं यावर वाद आहेत. माझी कसोटी अशी की व्हिडिओत काय असावं हे कलाकारानं ठरवलं की पैसेवाल्यानं. करार कोणाशी झालाय हे मी त्यानंतर बघते.

याच कसोटीवर माझी सुरुवात २००६पासून होते. ओके गो नावाच्या अमेरिकी बँडचा 'हिअर इट गोज अगेन'. तेव्हा ते एका मोठ्या कंपनीकडे होते, पण हा व्हिडिओ त्यांनी आपला आपणच केला. गायक डेमियन कुलाश याची बहीण ट्रिश सी हिनं नाच बसवला. आठ ट्रेडमिल, चार माणसं, एकाच जागी उभा कॅमेरा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शॉट. २००७मध्ये त्याला छोट्या म्युझिक व्हिडिओचं ग्रॅमी मिळालं. पुढे व्हिडिओ इतर संकेतस्थळांवर लावू देण्यावरून कंपनीशी त्यांचं बिनसलं आणि २०१०मध्ये बाहेर पडून त्यांनी स्वतःचं लेबल, म्हणजे संगीत कंपनी, काढलं. मी हा व्हिडिओ शिकाऊ संकलकांना दाखवते तेव्हा सांगते, की यात तुमच्या-माझ्यासाठी कामच नाही, एकही कट नाही. सगळे कष्ट आधी झालेत, तालमीत. तालमीला पैसे लागत नाहीत, दिवस लागतात. पैसे कमी आणि दिवस भरपूर असलेल्या बँडनं हे नीट लक्षात ठेवावं.

दुसरा २०१४चा, कुर्ल्याच्या रॅपर नेझीचा 'आफत'. आवाजाचं रेकॉर्डिंग आयपॅडवर, चित्रीकरणही आयपॅडवर, जागा म्हणजे स्वतःच्या गल्ल्या. तुमच्या 'फोन की कॅमेरा' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. ते चित्र आज पाहिलं तर तांत्रिकदृष्ट्या साधंच दिसतं, पण तो मुलगा त्या गल्लीत ज्या सहजपणे उभा आहे तो सहजपणा भाड्यानं मिळत नाही. अनोळखी झकास जागेपेक्षा पाय ओळखतात ती जागा कॅमेऱ्यात जास्त बोलते, हे मी इतक्या फुटेजमध्ये पाहिलंय की आता लोकेशन बघायला गेले की आधी विचारते, "इथं तू रोज येतोस का?"

तिसरा २०१८चा, गायक-गीतकार प्रतीक कुहाडचा 'कोल्ड/मेस'. मुंबईत काम करणाऱ्या, मूळच्या युक्रेनच्या दार गाय यांनी तो दिग्दर्शित केला. जिम सर्भ आणि झोया हुसेन हे त्यातलं जोडपं. पुढे २०१९च्या अखेरीस बराक ओबामांनी त्यांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत हे गाणं घेतलं आणि पुन्हा एकदा सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला. मला तो फार आवडतो, आणि तरीही त्याच्या वाटेला जाऊ नका असंच तुम्हाला सांगेन. त्या व्हिडिओचा सगळा भार दोन कसलेल्या नटांच्या चेहऱ्यांवर आहे. भांडण, अबोला, पुन्हा जवळ येणं हे सगळं डोळ्यांत दिसावं लागतं. माझ्याकडे दरवर्षी याच्या नकला येतात: बँडमधला एक मित्र, त्याची एक मैत्रीण, खिडकीतला पाऊस, कॉफीचा कप. दोघंही बिचारे मनापासून करतात, पण कॅमेरा जवळ गेला की अवघडतात, आणि मी टेबलावर बसून त्यांचं अवघडणं झाकत राहते. अभिनय येणारा माणूस हाताशी नसेल तर अभिनय मागणारी कल्पना घेऊ नका. माणसाला त्याला येतं ते काम करू द्या. काम करणारा माणूस कॅमेऱ्यासमोर खोटा दिसत नाही.

चौथा २०१९चा 'वारली रिव्हॉल्ट'. स्वदेसी हा मुंबईचा बहुभाषक रॅप गट, आणि त्यांच्यासोबत मुंबईतल्याच आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे आदिवासी कलाकार प्रकाश भोईर. गाणं आदिवासींच्या जमिनीचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात झाडं तोडली गेली, तेव्हा हे गाणं अनेकांना पुन्हा आठवलं. ज्याच्या जमिनीचं गाणं तो माणूस स्वतः समोर आहे, त्याच्या आवाजात आणि त्याच्या बोलीत, हे मला त्यात सर्वात मोलाचं वाटतं. तुमचं गाणं वडिलांवर आहे ना? मग वडिलांच्या जागी दुसरा माणूस उभा करण्याआधी चार वेळा विचार करा.

आणि २०२४चा 'बिग डॉग्ज', रॅपर हनुमानकाइंडचा. हा मोठ्या कंपनीमार्फत आला, त्यामुळे काहीजण त्याला स्वतंत्र मानणार नाहीत. तरी बघाच. बिजॉय शेट्टी दिग्दर्शक, केरळमधलं पोन्नानी, आणि जत्रेत असतो तो मौत का कुआँ. गायक विहिरीच्या तळाशी मधोमध, गाड्या आणि मोटारसायकली भिंतीवरून त्याच्याभोवती. बस, एवढंच. आपल्याकडच्या जत्रांत आपण सगळ्यांनी वर उभं राहून ते वाकून पाहिलंय, फळ्यांची थरथर पायांत घेतलीय, पण तळाशी जाऊन गावं हे आपल्याला सुचलं नव्हतं. पुढं जग भारावलं, पण शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: एक जागा, एक कृती, आणि ती कृती गाणं संपेपर्यंत न थांबणारी.

हे सगळे शेजारी ठेवलेत तर माझं म्हणणं दिसेल. 'कोल्ड/मेस' सोडला तर हे सगळे व्हिडिओ एका कृतीवर किंवा एका जागेवर उभे आहेत. कमी पैशात पाच लोकेशनं करायला गेलं की प्रत्येक ठिकाणी अर्धा तास मिळतो, आणि अर्ध्या तासात फक्त ट्रायपॉड लावून होतो. मर्यादा पैशानं घालण्याआधी आपणच घालून घ्यावी.

माझ्याच कामातलं एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या एका जोडीनं ३२ हजार रुपये जमवले होते. गाणं आजोबांच्या शेतावर होतं. त्यांच्या मनात पन्हाळा होता, रंकाळा होता, नदीचा घाट होता. मी म्हटलं, आजोबा काय करायचे? तर त्यांचं गुऱ्हाळ होतं. आता ते दुसऱ्यानं चालवायला घेतलेलं. मग आम्ही एवढंच ठरवलं: रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पडल्यापासून गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतेपर्यंत, एक काहील, एक गाणं. मालकाची अट एकच, काम थांबणार नाही. ही अट आम्हाला फळली. एक काहील उतरायला अडीच-तीन तास लागायचे, म्हणजे टेक चुकला तर पुढची काहील लागेपर्यंत थांबणं आलं. दिवसात तीन काहिली, म्हणून तीनच टेक. आदल्या दिवशी आम्ही कॅमेरा न काढता नुसते बसून राहिलो. गूळ करणारा गुळव्या रसावरची मळी कधी काढतो, जाळ घालणारा जळव्या चुलवाणात चिपाडं कधी सारतो, फेस कधी वर येतो आणि वाफ कुठल्या बाजूला जाते, हे घड्याळ लावून लिहून काढलं. वाफेनं लेन्सवर दव धरतं, म्हणून कॅमेरा वाऱ्याच्या अंगाला ठेवला. इंजिनच्या आवाजात गायकाला प्लेबॅक, म्हणजे ओठ जुळवायला वाजवलेलं गाणं, ऐकू येईना, तेव्हा एका कानात बारीक इअरफोन आणि त्यावर फेट्याचं टोक. पहिल्या काहिलीत तो घाबरला होता. दुसऱ्यात सगळं चांगलं झालं, पण शेवटी कोणीतरी चहा घेऊन आडवं आलं. तिसरी काहील संध्याकाळची, चुलीचा तांबडा उजेड चेहऱ्यावर, आणि गूळ ओतताना तो गाणं विसरून बघतच राहिला. ओठ हलले नाहीत. तो शॉट मी तसाच ठेवला, आणि तो व्हिडिओ आजही माझ्या सर्वात आवडत्या कामांत आहे.

आता तुमचं गाणं. मला ते ऐकायला मिळालेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या बेतानं घ्या. रात्रपाळीचा माणूस कंपनीच्या गेटमधून बाहेर पडतो ते घराच्या दारात चप्पल काढतो, एवढाच प्रवास मी घेईन. सायकल असेल तर सायकल, स्कूटर असेल तर स्कूटर. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पाळी सुटण्याची वेळ आणि पहाटेचा निळा उजेड जवळजवळ एकत्र येतात. तो उजेड वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. म्हणजे दिवसाला एक, फार तर दोन टेक. सलग चार पहाटा जा. गुऱ्हाळाच्या तीन काहिली तशा तुमच्या चार पहाटा. वडील तयार असतील तर तेच असू देत, आणि त्यांना काही 'करायला' सांगू नका. तयार नसतील तर आग्रह करू नका, पाठमोरे चालतील, हात चालतील, डबा चालेल. त्यांच्या परवानगीशिवाय कंपनीचं नाव किंवा गणवेशावरचा बिल्ला दिसू नये याची काळजी घ्या, त्यांची नोकरी तुमच्या गाण्यापेक्षा मोठी आहे. आणि गेटच्या आतलं चित्रण कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही.

कॅमेरा की फोन? पहाटेच्या कमी उजेडात मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि जास्त उजेड आत घेणारी लेन्स यांचा फरक स्पष्ट दिसतो, म्हणून तुमच्यासाठी भाड्याचा कॅमेरा. हेच गाणं दुपारचं असतं तर मी फोन सुचवला असता. काहीही घेतलंत तरी एक सेटिंग आधी करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, आणि १/६० शटर, म्हणजे प्रत्येक चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात टिपणं, या फोनच्या नेहमीच्या सेटिंगवर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसू शकतात, आणि ते संकलनात धड निघत नाहीत. २५ फ्रेम, शटर १/५०. स्लो मोशन हवं तर ५० फ्रेम, शटर १/१००. रस्त्यावरच्या स्वस्त एलईडीचा भरवसा नसतो, म्हणून आदल्या दिवशी त्याच दिव्याखाली दहा सेकंद घेऊन मोठ्या पडद्यावर बघा.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर प्लेबॅकही तेवढाच जलद लागतो. ५० फ्रेमवर घेऊन २५वर दाखवणार असाल तर सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवा आणि गायकाला तसंच म्हणायची तालीम द्या. टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या पट्टीवर, हालचाल संथ होते आणि ओठ मात्र मूळ गाण्यावर बसतात. धुक्यातून येणाऱ्या माणसाला ही युक्ती फार शोभते, पण गाण्यात एकदाच वापरा.

प्लेबॅकबद्दल कळकळीनं सांगते, कारण यात मी लोकांना रडताना पाहिलंय. एका बँडनं कच्च्या मिक्सवर, म्हणजे गाण्याच्या पक्क्या न झालेल्या प्रतीवर, शूट केलं. नंतर कोणालातरी गाणं ढिलं वाटलं आणि वेग मिनिटाला ९२ ठोक्यांवरून ९४ केला, मला सांगायचं राहिलं. दोन ठोक्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण चार मिनिटांच्या गाण्यात शेवटी पाच सेकंदांची तफावत पडते. एकही ओळ ओठांवर बसेना. दोन दिवसांचं शूट, त्यातलं गाण्याचं सगळं फुटेज बाद, आणि व्हिडिओ शेवटी नुसत्या हातांवर आणि पाठींवर उभा करावा लागला. अंतिम मास्टर, म्हणजे गाण्याची पक्की प्रत, हातात आल्याशिवाय शूटची तारीख घेऊ नका. त्या मास्टरच्या सुरुवातीला तीन बीप जोडा आणि प्रत्येक टेकला गाणं त्या बीपपासून वाजवा. कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा, तो आवाज वापरायचा नसला तरी जुळवणी त्यावरच होते.

कटबद्दल थोडं, माझ्या टेबलावरचं. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर १०० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांच्या गाण्याचा, एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा असतो. १२०चा ठोका साडेबारा फ्रेमचा. अर्धी फ्रेम नसते, म्हणून तिथं कट एकदा बारावर, एकदा तेरावर पडतो. डोळ्याला हे चालतं. मी तसाही नेमका ठोक्यावर कट करत नाही, एक-दोन फ्रेम आधी करते, म्हणजे ठोका पडतो तेव्हा नवं चित्र डोळ्यात पोचलेलं असतं. आणि दर ठोक्याला कट नको. ढोलकीवाला दर मात्रेला थाप देत नाही, जागा सोडतो, तशी सोडा. तुमच्यासारख्या गाण्यात तर सबंध कडवं एका शॉटवर जायला हरकत नाही, जर त्या शॉटमध्ये माणूस चालत असेल.

पैशांचं गणित शहरागणिक आणि ओळखीगणिक बदलतं, म्हणून दर देत नाही, क्रम देते. आधी १० हजार बाजूला काढून ठेवा, त्यांना शूट संपेपर्यंत हात नाही, कारण एक पहाट ढगाळ निघणारच. मग कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस, शक्यतो एकत्रच. मग खाणं आणि गाडी. पहाटे चारला उठून आलेल्या मित्राला साडेसातला गरम पोहे आणि चहा मिळालाच पाहिजे, तरच तो चौथ्या पहाटेला येतो. मग रंगसंगती आणि संकलन. दिव्यांना जवळजवळ शून्य, एक पांढरी थर्माकोलची शीट पुरेल. ड्रोनला शून्य.

ड्रोनबद्दल विशेष सांगायचं कारण नाशिक. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला विमानतळ आणि हवाई दल. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर लाल (मनाईचे) आणि पिवळे (परवानगी लागणारे) पट्टे आखलेले आहेत, ते न बघता उडवणं म्हणजे आपणहून अडचण ओढवून घेणं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही एवढं ऐकून लोक निर्धास्त होतात, पण लाल पट्ट्यात खास परवानगीशिवाय तोही चालत नाही. किल्ला किंवा लेणी घेणार असाल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. तुमच्या गाण्याला यातलं काहीच लागत नाही, हे किती बरं आहे.

चौघांनी शूटच्या आधी एका कागदावर लिहून सह्या करा: गाण्याचे हक्क कोणाचे, व्हिडिओचे कोणाचे, उद्या एक जण बाहेर पडला तर काय. आणि गाणं ज्यांच्यामार्फत ऑडिओ ॲप्सवर टाकाल त्यांना तुमच्या यूट्यूब चॅनेलची नोंद आधीच करायला सांगा, नाहीतर तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच गाण्याचा कॉपीराइटचा दावा लागतो आणि पहिला आठवडा पत्रव्यवहारात जातो. व्हिडिओखाली पोहे करणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं शुद्धलेखन तपासून द्या.

यानंतर मला तीन गोष्टी कळवा: गाण्याचा बीपीएम किती, वडील सायकलनं येतात की बसनं, आणि गेट ते घर किती मिनिटांचं अंतर आहे. गाणं २२० सेकंदांचं आहे. रस्ता अर्ध्या तासाचा असेल तर कुठला भाग घ्यायचा हे मी नकाशा समोर ठेवून तुमच्याशी बोलेन, आणि बसनं येत असतील तर बहुधा सगळा बेत बदलून खिडकीशेजारच्या सीटपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.